तापाचा चौथा दिवस : फ्लूच्या साथीत रुग्णाचं काय होतं?

२०१५ मध्ये महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे ८,५८३ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ९०५ दगावले. म्हणजे शंभरामागे साडेदहा. त्याच वर्षी दिल्लीत चार हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, विषाणूही हाच होता, पण सरकारी नोंदीत मृत्यू अवघे १२. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, आपल्या राज्याचं चित्र प्रमाणाच्या हिशेबाने आणखी काळं दिसलं. रुग्ण सहा हजारांच्या वर आणि मृत्यू पावणेआठशेच्या आसपास. हे वाचणाऱ्याला वाटेल की महाराष्ट्राच्या हवेत या विषाणूला वेगळंच बळ चढतं. तसं काही नाही. फरक विषाणूपेक्षा मोजणीत आहे. फ्लूच्या साथीत रुग्णांचं काय होतं हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी या मोजणीचा गुंता सोडवावा लागतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या रुग्णांचे तीन गट पाडले आणि ते पुढेही वापरात राहिले. सौम्य ताप, खोकला, घसा दुखणं, अंगदुखी एवढंच असेल तर ‘अ’ गट. त्याने घरी राहायचं, त्याला तपासणी नाही आणि विषाणूविरोधी गोळीही नाही. ताप जास्त आणि घसा खूप धरलेला असेल, किंवा रुग्ण गरोदर, पाच वर्षांखालचा, पासष्टीच्या पुढचा, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या विकाराचा असेल तर ‘ब’ गट. त्याला गोळी द्यायची, पण तपासणीची गरज नाही. धाप, छातीत दुखणं, ग्लानी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळसर पडणं यांतलं काही दिसलं की ‘क’ गट. त्याला ताबडतोब दाखल करायचं आणि त्याच्या घशाचा नमुना तपासायचा. साथीत प्रयोगशाळा कोलमडू नयेत म्हणून आखलेली ही पद्धत शहाणपणाची होती. पण तिचा परिणाम असा, की नोंदवहीत आलेला रुग्ण बहुधा आधीच अत्यवस्थ असतो. अशांची मोजदाद केल्यावर शंभरात दहा मृत्यू दिसले तर त्यात नवल नाही. ज्या शहरात सौम्य तापाच्याही तपासण्या होतात, तिथे तेच प्रमाण पार खाली येतं. २००९च्या साथीत विषाणूची लागण झालेल्या सर्वांचा हिशेब धरून जगभरातल्या अभ्यासकांनी जे अंदाज बांधले, ते एक लाख लागणींमागे एक ते दहा मृत्यू असे आहेत. नोंदवहीतला दर आणि हा दर यांत हजारपटींचं अंतर आहे. दोन्ही आकडे खरे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. घाबरलेल्या माणसाला पहिला सांगितला जातो आणि बेफिकीर माणूस दुसऱ्याचा आधार घेतो.

हे सगळं नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहून पाहिलं तर प्रश्नाला रस्ते आणि अंतरं मिळतात. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे भेटतात. काठे गल्ली, कथडा, वडाळा नाका, टाकळी रोड या वस्त्या आसपास आहेत. इथल्या माणसाला ताप आला तर तो पहिल्यांदा गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, किंवा त्याच्याही आधी मेडिकल स्टोअरमध्ये. महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय जवळ कथड्यात आहे. जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडला, बिटको रुग्णालय नाशिकरोडला, आणि डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आडगावला. म्हणजे चौकातून फुटणाऱ्या रस्त्यांवर दवाखान्यांची कमतरता नाही. तरीही स्वाइन फ्लूचा रुग्ण उशिरा पोचतो. का, हे समजायला आजार दिवसागणिक कसा चालतो ते पाहू.

विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं सुरू होतात. सुरुवात अचानक होते. सर्दीसारखी हळूहळू नाही, तर सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी अंग मोडून झोपतो. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, सांधे-स्नायू ठणकणं, कोरडा खोकला, घसा. २००९च्या वसंतात अमेरिकेत साथ उघडकीस आली तेव्हा पहिल्या ६४२ निश्चित रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांत ताप ९४ टक्क्यांना, खोकला ९२ टक्क्यांना आणि घसादुखी ६६ टक्क्यांना होती. लक्षात राहण्याजोगी गोष्ट पुढची : दर चौघांतल्या एकाला जुलाब आणि तितक्याच जणांना उलट्या. नेहमीच्या हंगामी फ्लूत मोठ्या माणसांमध्ये हे एवढं दिसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि जुलाब एकत्र दिसले की टायफॉइड, दूषित पाणी, ‘पोट बिघडलंय’ असे अंदाज आधी येतात आणि फ्लू मागे पडतो. शिवाय जुलै ते सप्टेंबर हा डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचाही काळ. तापाच्या दुसऱ्या दिवशी केवळ रुग्णाकडे बघून यांतला फ्लू कोणता हे सांगणं अनुभवी डॉक्टरलाही अवघड असतं. त्या ६४२ जणांतले साठ टक्के अठरा वर्षांचे किंवा त्याहून लहान होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. साथ शाळांमधून पसरत होती. आपल्याकडेही २००९च्या उन्हाळ्यानंतर पाचगणीच्या निवासी शाळेत ती दिसली आणि मग पुण्याच्या शाळांत.

बहुतेकांचा ताप तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला आणि थकवा दोन-दोन आठवडे रेंगाळतो आणि माणूस कामाला लागतो. ज्यांचं दुखणं बिघडतं त्यांच्या बाबतीत वळण येतं ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान. ते दोन प्रकारे येतं. एका प्रकारात ताप उतरतच नाही. खोकला वाढतो, जिना चढताना दम लागतो, मग बसल्या जागी दम लागतो. इथे विषाणू स्वतःच फुप्फुसात खोल उतरलेला असतो. वायुकोशांच्या भिंती सुजतात, त्यांत पाणी भरतं आणि रक्तात प्राणवायू पोचेनासा होतो. दुसऱ्या प्रकारात ताप उतरतो, एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, कफ पिवळसर होतो, बरगडीत कळ येते. हा बहुधा जीवाणूंचा न्यूमोनिया. विषाणूने सोललेल्या श्वासमार्गावर न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस बसलेला असतो. पहिल्या प्रकाराला प्रतिजैविकांचा उपयोग नाही आणि दुसऱ्याला ती वेळेवर न दिली तर माणूस हातचा जातो. ‘ताप परत आला’ हे वाक्य घरच्यांनी डॉक्टरला सांगितलंच पाहिजे. पण पुष्कळदा पहिला ताप एका डॉक्टरकडे दाखवलेला असतो, दुसरा दुसऱ्याकडे, आणि मधले दोन बरे दिवस कुठल्याच केसपेपरवर नसतात.

लहान मुलं बोलून दाखवत नाहीत. त्यांच्यात जलद श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध न पिणं, निपचित पडणं हीच लक्षणं. म्हाताऱ्यांना कधी ताप येतच नाही, नुसता गोंधळ उडतो किंवा भूक जाते. मधुमेह्याची साखर एकाएकी हाताबाहेर जाते. भिंतीवर लावलेल्या लक्षणांच्या यादीत ही माणसं बसत नाहीत, आणि जोखीम तर त्यांनाच जास्त.

आता या वळणाला इतिहासाची जोड देतो, कारण १९१८च्या साथीशिवाय फ्लूचा कुठलाही आढावा अपुरा आहे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, तिथून आपल्याकडची नोंद सुरू होते. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट वेगळीच निघाली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेने ती देशात आत शिरली आणि त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, जनावरांना चारा नाही, माणसं अर्धपोटी. हिंदुस्थानातल्या बळींचे आजचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. आपल्या खेड्यांनी या साथीला मानमोडी म्हटलं आणि जुन्या आठवणींत ती त्याच नावाने येते.

त्या साथीत मेलेल्यांपैकी फार मोठा वाटा वीस ते चाळीस वयाचा होता. रुग्णांचे ओठ-कान निळेजांभळे पडत, नाकातून रक्त येई, आणि काही जण दोन-तीन दिवसांतच जात. पण सगळे असे गेले नाहीत. त्या काळच्या शवविच्छेदनांचे जपून ठेवलेले नमुने आणि अहवाल पुन्हा तपासून अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये निष्कर्ष मांडला की बहुतेक मृत्यूंमध्ये नंतर बसलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाचा हात होता. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती. म्हणजे १९१८च्या मृत्यूंचा मोठा भाग आज, साध्या सोयी असलेल्या रुग्णालयात, टळू शकला असता. ‘तो विषाणूच राक्षसी होता’ असं म्हणून १९१८ बाजूला ठेवणं मला म्हणूनच पटत नाही.

आणि मुंबईचे जातवार आकडे तर या प्रश्नाच्या मुळाशी नेतात. १९१८च्या साथीत मुंबई शहरात दर हजारी मृत्यू युरोपियनांमध्ये ८.३, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९, मुसलमानांमध्ये १९.२ आणि ज्यांना तेव्हा ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलं गेलं त्यांच्यात ६१.६. एकाच शहरात, एकाच साथीत, एकाच विषाणूने सातपट फरक. चाळीच्या एका खोलीत दहा जण, अर्धपोटी शरीर, शुश्रूषेला कुणी उरलेलं नाही आणि वैद्य तर नाहीच. फ्लूच्या साथीत रुग्णाचं काय होतं हे ठरवण्यात त्याच्या फुप्फुसाइतकाच त्याच्या खोलीचा, ताटाचा आणि उशाशी बसणाऱ्या माणसाचा वाटा असतो. याहून ठळक पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

१९५७ची आशियाई फ्लूची साथ आपल्याकडे मे महिन्यात मद्रासला आलेल्या जहाजातून आली. सरकारी नोंदीत सुमारे ४४ लाख रुग्ण आणि सुमारे अकराशे मृत्यू आहेत. यात नोंदणीचे दोष भरपूर असणार, पण तोवर पेनिसिलीन हाताशी आलं होतं आणि दुष्काळ नव्हता, हेही खरं. १९६८च्या साथीची आपल्या लोकांच्या आठवणीत फारशी खूण उरलेली नाही.

मग २००९. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेची महासाथीची घोषणा. भारतातला पहिला रुग्ण मेमध्ये हैदराबादला सापडला आणि ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. पुण्यात शाळा, मॉल, चित्रपटगृहं बंद झाली, मास्क मिळेनासे झाले, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. ऑगस्टमध्येच नाशिकनेही मृत्यू पाहिला, आणि गेलेल्यांत रुग्ण तपासणारा एक तरुण डॉक्टरही होता. घशातले नमुने तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, एनआयव्हीकडे पाठवावे लागत. द्वारकेवरून निघालेली शीतपेटी दोनशे किलोमीटर जायची, तिथे आधीच ढीग पडलेला असायचा, आणि अहवाल येईतो रुग्ण एकतर बरा झालेला असायचा किंवा व्हेंटिलेटरवर गेलेला. डॉक्टरांनी अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करावेत हा नियम यातूनच रुजला, आणि तो आजही सर्वांत मोलाचा नियम आहे.

गंभीर रुग्णांचं काय झालं याची चांगली नोंद त्या वर्षी जगभर झाली. अमेरिकेत दाखल झालेल्या पहिल्या २७२ रुग्णांत एक चतुर्थांशांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं आणि सात टक्के दगावले. ७३ टक्क्यांना आधीपासून काहीतरी व्याधी होती, पण पासष्टीच्या पुढचे अवघे पाच टक्के होते. हंगामी फ्लूत नेमकं उलटं असतं. याचं कारण असं सांगितलं जातं की १९५७च्या आधी वावरणाऱ्या एच१एन१च्या, म्हणजे याच जातीच्या विषाणूच्या, पिढ्यांशी म्हाताऱ्यांची लहानपणी गाठ पडलेली होती आणि त्यांच्या रक्तात जुनी प्रतिकारशक्ती शिल्लक होती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अतिदक्षता विभागांत त्या हिवाळ्यात ७२२ रुग्ण आले. अहवाल लिहिला गेला तोवर त्यांतले १४ टक्के गेले होते. एकूण रुग्णांत नऊ टक्के गरोदर स्त्रिया होत्या. मेक्सिकोतल्या ५८ अत्यवस्थ रुग्णांत मात्र साठ दिवसांत ४१ टक्के मृत्यू झाले. विषाणू तोच, आजाराची पायरी जवळपास तीच. बदललं होतं ते खाटांचं प्रमाण, हाताशी असलेली यंत्रं आणि रुग्ण किती उशिरा पोचला हे. अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या एक टक्का, पण स्वाइन फ्लूच्या मृत्यूंत पाच टक्के. लठ्ठपणा ही जोखमीची बाब आहे हेही त्याच साथीत पहिल्यांदा नीट ध्यानात आलं.

उपचारांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच मतभेद आहेत. ऑसेल्टामिविर ही गोळी, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. २०१४ मध्ये तिच्याबद्दल दोन मोठे निष्कर्ष समोर आले आणि ते एकमेकांच्या विरोधात आहेत असा गोंधळ माजला. कॉक्रेन या संशोधक गटाच्या आढाव्याने औषध कंपनीच्या चाचण्यांचे मूळ अहवाल मिळवून दाखवलं की एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाचा आजार या गोळीने सरासरी सतरा तासांनी आखूड होतो आणि इस्पितळात जाणं टळतं याचा भक्कम पुरावा नाही. त्याच वर्षी ३८ देशांतल्या २९,२३४ दाखल रुग्णांच्या माहितीवरून दुसऱ्या गटाने दाखवलं की गोळी मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांत ती मिळालेल्यांत मृत्यूची शक्यता उशिरा मिळालेल्यांच्या निम्म्यावर आली. पहिला अभ्यास काटेकोर चाचण्यांचा, पण सौम्य रुग्णांचा. दुसरा गंभीर रुग्णांचा, पण निरीक्षणांवर आधारलेला, म्हणून त्यात चुकीला जागा राहते. माझ्या मते या दोहोंतून एकच मार्ग निघतो. साध्या फ्लूत ही गोळी सरसकट वाटू नये, आणि गरोदर, मधुमेही, दमेकरी किंवा धाप लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत एक तासही वाया घालवू नये. आपल्याकडे हे जमलं नाही, कारण ही गोळी प्रदीर्घ काळ औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात होती. मोजक्याच दुकानांना ती ठेवायचा परवाना होता. ‘एच१’ परिशिष्टात ती आली २०१७ साली. दुरुपयोगाने विषाणू गोळीला दाद देईनासा होईल ही भीती रास्त होती, पण ४८ तासांत द्यायचं औषध शहरभर शोधत फिरावं लागणं हा त्या भीतीचा उपाय नव्हता.

दुसरा मुद्दा स्टेरॉइडचा आहे आणि तो आजच्या घडीला जास्त काळजीचा. कोविडमध्ये प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोनने फायदा होतो हे चाचण्यांनी सिद्ध झालं. तेव्हापासून तापाच्या रुग्णाला ते टोचण्याची सवय गल्लोगल्ली वाढली. फ्लूच्या न्यूमोनियात मात्र आजवरची निरीक्षणं उलटी आहेत. स्टेरॉइड मिळालेल्यांत मृत्यू आणि नंतरचे जंतुसंसर्ग जास्त दिसतात. त्या इंजेक्शनने ताप तासाभरात उतरतो आणि रुग्णाला वाटतं डॉक्टर हुशार. आजार आत चालूच राहतो आणि त्याची सूचना देणारा ताप तेवढा गप्प होतो.

व्हेंटिलेटरबद्दल लोकांत भीती आहे की ‘त्यावर गेला की संपला’. ही भीती जुन्या काळाची उरलेली आहे. सुजलेल्या फुप्फुसात थोडी-थोडी हवा भरायची, माणसाच्या आदर्श वजनाच्या दर किलोमागे सहा मिलिलिटर, हे २००० सालच्या एका मोठ्या चाचणीने शिकवलं. मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. गंभीर रुग्णाला दिवसाचे सोळा-सोळा तास पालथं झोपवण्याने मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आल्याचं फ्रान्समधल्या चाचणीने २०१३ मध्ये दाखवलं. यांतल्या कशालाही नवं महागडं यंत्र लागत नाही. लागतात प्रशिक्षित परिचारिका, पुरेशा संख्येने, रात्रपाळीलासुद्धा. आणि प्राणवायू. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि यंत्रांवरचे किमान २२ कोविड रुग्ण त्या दिवशी गेले. तो फ्लू नव्हता. पण श्वसनाच्या कुठल्याही महासाथीत रुग्णाचं भवितव्य एका झडपेवर, एका नळीवर आणि तिची देखभाल करणाऱ्या माणसाच्या पगारावर कसं अवलंबून असतं, हे नाशिकला यापुढे कुणी शिकवायला नको.

आता उशिराचा प्रश्न. राज्यात स्वाइन फ्लूच्या मृत्यूंचं परीक्षण करणाऱ्यांना ‘रुग्ण उशिरा आला’ हे कारण पुन्हापुन्हा लिहावं लागलं आहे. हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. रुग्ण उशिरा येतो याचा अर्थ तो घरी स्वस्थ बसलेला असतो असा नव्हे. रिक्षा चालवणारा, बाजारात हमाली करणारा किंवा अंबडच्या कारखान्यात ठेक्यावर असलेला माणूस पहिले तीन दिवस ताप अंगावर काढतो, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. चौथ्या दिवशी तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. तिथे गोळ्या आणि एखादं सलाईन मिळतं. पाचव्या दिवशी रक्ताच्या तपासण्या होतात, त्यांत डेंग्यू निघत नाही, म्हणून सगळे निर्धास्त होतात. सहाव्या दिवशी दम लागतो आणि मग छोट्या रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात, तिथे खाट नाही म्हणून तिसरीकडे. गृहिणीचं तर याहून बिकट. तिचा खोकला घरात कुणी मोजत नाही. दहा किलोमीटरच्या आत चार रुग्णालयं असूनही सहा दिवस असे जातात. द्वारकेतून आडगावला पोचायला लागणारा वेळ या सहा दिवसांपुढे काहीच नाही.

एक गोष्ट कोविडने घरोघरी दिली : बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. फ्लूतही तो तितकाच कामाचा आहे. बसून ९६ दाखवणारा आकडा खोलीत सहा मिनिटं चालल्यावर ९४च्या खाली आला तर फुप्फुस गुंतलं आहे असं धरून चालावं. २००९ मध्ये हे साधन सामान्य घरात नव्हतं. आज ते कपाटात पडून आहे, पेला-चमच्यासारखं हाताशी असायला हवं.

जे वाचतात त्यांचंही पुढे काय होतं हे आकड्यांत येत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं की फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सहापटीने वाढते. अशा झटक्याने आलेला मृत्यू आपल्याकडे ‘हार्टअटॅक’ म्हणून नोंदला जातो आणि फ्लूच्या खात्यात कधीच येत नाही. व्हेंटिलेटरवरून परतलेल्यांची फुप्फुसं वर्षभरात बऱ्यापैकी सावरतात. स्नायू मात्र पूर्णपणे सावरत नाहीत. टोरांटोतल्या अशा रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा फुप्फुसाच्या चाचण्या जवळपास ठीक होत्या, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर वयाच्या मानाने तीन चतुर्थांशच भरलं. अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ, बरा होऊनही जुनं काम गेलं.

२००९चा विषाणू गेलेला नाही. १० ऑगस्ट २०१० रोजी महासाथ संपल्याचं जाहीर झालं आणि तो हंगामी फ्लू म्हणून आपल्यातच राहिला. २०१५ आणि २०१७चे तडाखे त्याचेच. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि थंडीच्या शेवटी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्येच नाकात फवारायची लस आणली, राज्याने पुढे गरोदर स्त्रियांना आणि जोखमीच्या रुग्णांना मोफत लस देण्याचा निर्णयही घेतला. पण आपल्या ओळखीतल्या किती मधुमेह्यांनी फ्लूची लस दर वर्षी घेतली आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावं.

नाशिकला हा प्रश्न लवकरच नव्याने भिडणार आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, म्हणजे बरोबर फ्लूच्या पावसाळी हंगामात. लाखो माणसं ओल्या कपड्यांनी, दाटीवाटीत, तंबूंत राहतील आणि पुण्याकडून येणाऱ्यांचा मोठा लोंढा द्वारकेवरून जाईल. सिंहस्थाच्या आरोग्य नियोजनात पटकी आणि गॅस्ट्रोची आठवण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, पाण्याच्या क्लोरिनची मोजणी होते, ती व्हायलाच हवी. श्वासाच्या रोगांसाठी तेवढीच तयारी हवी. लसीची प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे सफाई कामगार, पोलीस, परिचारिका, बसचालक-वाहक, आशा सेविका आणि शहरातल्या गरोदर स्त्रिया यांचं लसीकरण जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकलेलं असावं. प्रत्येक तापाच्या केंद्रावर थर्मामीटरशेजारी ऑक्सिमीटर असावा आणि तापाचा कितवा दिवस हे केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिलं जावं. ऑसेल्टामिविरचा साठा केंद्रावरच असावा, गोदामात नव्हे. आणि दम लागलेल्या यात्रेकरूला कुठल्या रुग्णालयात न्यायचं, तिथे त्या घडीला किती खाटा मोकळ्या आहेत, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला निघण्याआधी माहीत असावं.